न घेतलेल्या गोळ्या

रफूकाकांचं दुकान म्हणजे एक खिडकी, एक स्टूल आणि एक भिंग. बाकी सगळा पसारा. खिडकी उत्तरेची, आणि ती मुद्दाम निवडलेली. थेट ऊन आलं की काळा आणि गडद निळा यांतला फरक पुसला जातो. मग गिऱ्हाईक चारचौघांत उभं असताना कोणीतरी विचारतं, "अहो, तुमच्या कोपराला हे निळं काय लागलंय?" आणि रफूवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. उत्तरेचा उजेड मात्र सरळ स्वभावाचा. जे आहे ते दाखवतो, पदरचं काही घालत नाही.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे काकांनी आयुष्यात किती जणांना समजावलं असेल त्याला गणती नाही. ठिगळ बाहेरून येतं. रफूचा धागा त्याच कपड्यातून काढायचा असतो. कोट असेल तर आतली शिवण उसवायची, तिथे बोटभर कापड दडपून ठेवलेलं असतं, त्याचा एकेक धागा सोडवायचा आणि भोकाच्या जागी तो उभा-आडवा असा विणत जायचा की मूळ विणकरालाही शंका येऊ नये. एकदा एका न्यायाधीशांचा कोट आला होता, छातीवर सिगारने जळलेला. काकांनी चार दिवस खपून तो भरला. साहेब कोट घेऊन गेले आणि आठवड्याने पुन्हा दारात हजर. काकांनी सुई खाली ठेवली. तर साहेब म्हणतात, "भोक कुठे होतं ते जरा दाखवा हो. मित्रांना दाखवायला गेलो तर मलाच सापडेना, आणि आता सगळे म्हणतायत मी थापा मारतो." काकांनी भिंग लावलं. कोट उलटा केला, सुलटा केला, खिडकीशी धरला. दहा मिनिटं गेली. शेवटी अंदाजाने एका जागेवर बोट टेकवून काका ठामपणे म्हणाले, "हे बघा, इथे." साहेब खूश होऊन गेले. भोक तिथेच होतं की नव्हतं, ते आजतागायत काकांनाही ठाऊक नाही.

ही गोष्ट काका फार रंगवून सांगायचे. सांगायचे म्हणजे, पूर्वी. शेजारच्या गाळ्यात चष्मेवाला होता, त्याने ती निदान चाळीस वेळा ऐकली असेल आणि चाळीसही वेळा तो मांडीवर थाप मारून हसला. मागल्या वर्षी तो मुलाकडे राहायला गेला. आता त्या गाळ्यात फोनची कव्हरं मिळतात आणि विकणाऱ्याच्या दोन्ही कानांत काहीतरी खोचलेलं असतं. काकांनी एकदा हिय्या करून त्याला न्यायाधीशाची गोष्ट सांगितली. सगळी सांगून झाल्यावर त्याने एक कान मोकळा केला आणि म्हणाला, "काय म्हणालात?"

"काही नाही," काका म्हणाले आणि आपल्या स्टुलावर येऊन बसले.

आता धाग्याचं. सुईत ओवण्याआधी धाग्याचं टोक ओलं करावं लागतं. कुठलाही रफूवाला घ्या, तो टोक ओठांत धरतो, जिभेने ओलं करतो, दातांनी चपटं करतो. दिवसाला दोनशे-तीनशे वेळा. रफूकाका तसं करत नाहीत. त्यांच्या पुढ्यात चिनी मातीची बशी आणि बशीत ओल्या स्पंजाचा तुकडा. गेली सत्तावीस वर्षं. असं का, हे कळायला थोडं मागे जायला हवं.

काका तिशीत होते तेव्हा कापडाचे गठ्ठे उतरवताना ट्रक मागे आला आणि त्यांची मांडी चिरडली गेली. रुग्णालयात तीन बाटल्या रक्त चढवलं. रक्त आधी तपासून मग द्यायची शिस्त तेव्हा नुकती कुठे कुठे सुरू होत होती. त्या रुग्णालयापर्यंत ती पोचली नव्हती. पाय वाचला, चालीत एक झोल तेवढा कायमचा राहिला. काका घरी आले. घरी बायको होती, तीन वर्षांची लेक होती. बायको शर्टांची काजं करायची. त्या कामात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. पाच वर्षं सुखात गेली. मग बायकोला ताप येऊ लागला, जाईना. वजन उतरलं. तोंडात फोड आले, पाणी गिळायची चोरी झाली. तपासण्या झाल्या आणि एचआयव्ही हे नाव त्या दोन खोल्यांत येऊन बसलं. तिला होता तसा काकांनाही होता. त्यांच्याचकडून तिच्याकडे गेलेला. लेक अपघाताच्या आधीची, ती सुटली.

त्या काळी औषध म्हणजे नुसतं नाव ऐकायचं. मोठ्या ठिकाणी कोणाकोणाला मिळायचं म्हणे, आणि मिळालं तरी काही महिने चालून थकायचं. वर्षभरात बायको गेली. लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिची मावशी आली आणि म्हणाली, "थोडे दिवस घेऊन जाते हिला." काकांनी मान हलवली. आपणही आता सहा-आठ महिन्यांचे सोबती, तेव्हा तेच बरं, असा त्यांचा हिशेब.

इथे हिशेब चुकला. काका मेलेच नाहीत.

मरणाची तयारी मात्र त्यांनी जय्यत केली होती. चांगले शर्ट वाटून टाकले, वर्तमानपत्र बंद केलं, आणि भिंगाचं टेबल चष्मेवाल्याला तोंडी देऊन ठेवलं. वर्ष गेलं, दोन गेली. अंगावर नीट कपडा उरेना म्हणून शर्ट पुन्हा शिवावे लागले. पाचव्या वर्षी चष्मेवाला कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "हे बघ, जाणार असशील तर तारीख सांग. नसशील जाणार तर टेबल आत्ताच दे. माझी उधारीवर वाट बघायची सवय गेलीय."

"घेऊन जा की."

"नको. तू जिवंत असताना ते ठेवायला जागा नाही माझ्याकडे."

हा एकटाच माणूस असा, की ज्याने काकांच्या कपातला चहा कधी टाकला नाही. बाकीच्यांचं विचारू नका. कोणीतरी पिल्लू सोडलं की रफूवाला धागा तोंडात धरतो आणि तोच आपल्या कोटात विणतो. थुंकीतून हा रोग जात नाही, हे सांगून डॉक्टरांचे घसे बसले. पण ऐकतं कोण? दुकान ओस पडलं. तेव्हा ती बशी आली, तो स्पंज आला. काकांनी बशी मुद्दाम खिडकीत मांडली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. निम्मी गिऱ्हाइकं परत आली. निम्मी नाही.

दर सहा महिन्यांनी दवाखान्यात जाऊन रक्त द्यायचं, हा एक नेम होता. सुरुवातीला तिथे बाहेर लांब बाक होतं आणि सोमवारचे ठरलेले अकरा जण. एक शाळामास्तर, एक बाई, एक ट्रकवाला. ट्रकवाला दर वेळी कोणत्या तरी डॉक्टरची नक्कल करायचा आणि बाई तोंडाला पदर लावून हसायची. एकेक करून बाक रिकामं होत गेलं. मास्तर गेले, बाई गेली, नक्कल करणारा गेला. शेवटी नर्सने ते बाक उचलून आत नेलं आणि काकांसाठी एक खुर्ची ठेवली. त्या खुर्चीत बसायला काकांना फार जड गेलं. पुढे नव्या गोळ्या आल्या, लोक जगू लागले, खुर्च्या पुन्हा भरल्या. पण ही नवी माणसं घाईतली. गोळ्यांची पाकिटं घ्यायची, घड्याळ बघायचं, पळायचं. ज्यांच्याबरोबर काका मरणार होते ती माणसं निराळी होती.

लेक मावशीकडेच राहिली होती, आणि तिथे काय, तर मावशीचं बोलणं. "एकच घर, एकच रोग. माझी बहीण वर्षात संपली आणि हा गालफडं भरून फिरतोय. औषध गुपचूप मिळवलं, स्वतः घेतलं, तिला तशीच ठेवली." हे बोलणं लेकीच्या कानावर रोज पडायचं. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा काका इस्त्रीचा शर्ट घालून तिला भेटायला गेले. ती दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"एकच सांगा," ती म्हणाली. "आई गेली. मग तुम्ही कसे राहिलात?"

काकांनी नऊ वर्षं स्वतःला हेच विचारलं होतं. "मला माहीत नाही," ते म्हणाले. उत्तर खरं होतं, पण त्या दारात याहून वाईट उत्तर दुसरं नव्हतं. दार लागलं.

पुढे लेक वीजमंडळाच्या तक्रार केंद्रात लागली, फोनवर. हे काकांना कोणाकडून तरी कळलं. मग काय, काकांच्या जिन्यातला दिवा महिन्यातून एकदा बिघडू लागला. केंद्रात तिघी जणी. पहिल्या दोघींचा आवाज आला की काका फोन ठेवायचे.

"तक्रार केंद्र. बोला."

"ताई, जिन्यातला दिवा गेलाय हो."

"पत्ता सांगा."

काका पत्ता सांगायचे. पत्ता तोच, जिथे ती नऊ वर्षं वाढली. ती अक्षर न् अक्षर लिहून घ्यायची आणि म्हणायची, "तक्रार नोंदवली आहे. धन्यवाद." तिला आवाज ओळखू येत नव्हता, असं नाही. एकदा ती इतकंच म्हणाली, "मागल्या महिन्यात आमचा माणूस येऊन गेला. दिवा चालू होता म्हणतो."

"तो येतो तेव्हा लागतो, ताई," काका म्हणाले. "तो गेला की जातो."

पलीकडे पेनाची खरखर ऐकू आली. मग, "तक्रार नोंदवली आहे."

तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात नवी डॉक्टरीणबाई आली. तरुण, चटपटीत, आणि बोलणं असं की समोरच्याने दोन पावलं मागे सरकावं. काकांचे जुने कागद चाळून ती उखडली.

"काका, तुमच्या नावावर भलत्याच कोणाचं रक्त येतं का?"

"माझंच आहे. तुमच्याच माणसाने काढलं."

"पुन्हा द्या."

तीनदा दिलं. तिन्ही वेळा तेच. विषाणू अंगात होता, खात्रीने होता, पण मोजायला जावं तर सापडेना इतका थोडा. आणि रक्तातल्या पहारेकरी पेशी भरपूर. गोळी एकही नाही.

"असे लोक असतात," डॉक्टरीणबाई म्हणाली. "शंभरात एक सुद्धा नाही, पण असतात. मी पुस्तकात वाचलेत, समोर बसलेला पहिलाच." मग ती खुर्ची पुढे ओढून सांगू लागली. "आपली प्रत्येक पेशी आत जे काही चाललंय त्याचे तुकडे बाहेर मांडून ठेवते, दुकानदार दारात माल मांडतो ना, तसे. पहारेकरी फिरतात, माल बघतात, चोरीचा दिसला तर ती पेशीच मोडून टाकतात. आता कोणता तुकडा मांडायचा, हे ज्यावर ठरतं तो साचा आपल्याला आईबापांकडून येतो. एक आईकडून, एक वडिलांकडून. माणसामाणसाचा वेगळा."

"बरं."

"हा विषाणू वेष बदलण्यात पटाईत. पहाऱ्याने एक तुकडा ओळखला की तो बदलून टाकतो. पण काही थोड्या लोकांचा साचा त्याचा नेमका असा तुकडा मांडतो, की तो बदलला तर विषाणूच अधू होतो."

काकांनी आपल्या पायाकडे पाहिलं. "म्हणजे माझ्यासारखं. कपडे कितीही बदलले तरी बाजारात मला लांबून ओळखतात. चाल कशी बदलणार?"

"अगदी तसं," डॉक्टरीणबाई खुलली. "तुमच्यात तो साचा आहे, काका. पण नीट ऐका. साचा असूनही लोक गेलेत, आणि साचा नसताना टिकलेत. ही हमी नाही. पण टिकलेल्यांत तो फार वेळा सापडतो."

"आणि माझ्या बायकोत?"

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. "ते आता कसं कळणार? नसावा."

आणि लगेच ती गोळ्यांवर आली. आता सगळ्यांनाच गोळ्या सुरू करतात, तुमच्यासारख्यांनाही. विषाणू गप्प दिसला तरी आत धुमसतो, हृदयाला त्रास देतो. काकांनी मान हलवली ती उभी नाही, आडवी. ती रागावली, समजावलं, पुन्हा रागावली. तीन वर्षं हेच. नकाराचं कारण काका सांगत नसत. कारण साधं होतं. सत्तावीस वर्षं ज्या गोळ्या घेतल्याचा आळ होता, त्यांतली एकही त्यांनी घेतली नव्हती. ती एकच गोष्ट त्यांच्यापाशी शाबूत होती. आता घेतली की मावशी म्हणायला मोकळी, बघा, घेतोच आहे!

मग या वर्षी डॉक्टरीणबाईने विचारलं, "रक्ताचं कोणी आहे? भाऊ, बहीण? साचा घरात कसा उतरलाय ते बघायचंय. तुमच्या आधाराने इतरांसाठी काही कळेल."

"एक लेक आहे. ती यायची नाही."

"विचारलंत?"

काकांनी दुसऱ्या दिवशी फोन लावला. दोनदा ठेवला, तिसऱ्यांदा ती आली.

"तक्रार केंद्र. बोला."

"दिवा चालू आहे," काका म्हणाले.

"मग?"

"तक्रार दुसरी आहे."

"इथे फक्त विजेच्या तक्रारी घेतो."

"तू विचारलं होतंस, मी कसा राहिलो. डॉक्टर म्हणतात त्याचं कारण रक्तात आहे. आईबापांकडून आलेलं. तुझ्यातही असेल, नसेल. एक नळीभर रक्त पाहिजे म्हणे." काकांना धाप लागली. इतकं बोलायची सवय मोडली होती.

मागे दुसऱ्या दोघींचे आवाज येत होते, पत्ता सांगा, पत्ता सांगा. मग ती म्हणाली, "शनिवारी. फक्त रक्त."

शनिवारी ती आली. छत्तीस वर्षांची बाई, केसांत एक पांढरी बट, हातात जेवणाचा डबा. काकांच्या शेजारची खुर्ची मोकळी होती. एक सोडून ती पलीकडे बसली. रक्त दिलं, कापूस दंडावर दाबला, आणि मग तिने डॉक्टरीणबाईलाच धरलं.

"यांनी तेव्हा औषध घेतलं होतं का, हे रक्तावरून कळतं?"

डॉक्टरीणबाईने काकांकडे पाहिलं. तीन वर्षांचं कोडं तिला तिथल्या तिथे उलगडलं असावं. "इतकं जुनं नाही कळत," ती सावकाश म्हणाली. "पण तेव्हाच्या औषधाने कोणी सत्तावीस वर्षं जगत नव्हतं, बाई. वर्षभरात विषाणू त्याला पुरून उरायचा. आणि आत्ताचं विचाराल तर मी तीन वर्षं यांच्या पाया पडतेय, एक गोळी घेत नाहीत."

"मी डोळ्यांनी पाहिलंय," लेक म्हणाली. आवाज तक्रार केंद्राचाच, सपाट. "पत्र्याचा गोल डबा. फडताळाच्या वरच्या फळीवर, मागे. पांढऱ्या गोळ्या. रफू करता करता हे एकेक तोंडात टाकायचे. आई समोर पडलेली असायची. तिला एकदाही दिली नाही. मला कोणी शिकवलेलं नाही. मावशी नंतर बोलली, मी आधी पाहिलं होतं."

काकांना काही कळेना. गोल डबा? पांढऱ्या? मग कळलं, आणि ते इतकं क्षुल्लक होतं की सांगायची लाज वाटली.

"लिंबाच्या गोळ्या होत्या त्या," ते म्हणाले. "आंबट. दिवसभर धागा ओला करायचा तर तोंड कोरडं पडतं. आंबट काही चघळलं की लाळ सुटते. सगळे रफूवाले काही ना काही चघळतात. तुझ्या आईचं तोंड आलेलं, तिला आंबट कसं देणार?"

थाप वाटावी इतकं सोपं उत्तर होतं.

"लिंबाच्या गोळ्या," लेक म्हणाली. "घरात नऊ वर्षांची मुलगी. आणि बाप लिंबाच्या गोळ्या फळीवर लपवून एकटा खातो. एकही देत नाही. हे मी खरं मानू?"

काकांनी हात पुढे केले, तळवे वर. बोटांची टोकं सुयांनी भोसकून भोसकून खरबरीत झालेली. "या हातांनी मी डब्यात हात घालायचो. तोंडातून काढलेल्या धाग्याचे हे हात. बोटाला दिवसातून दहादा सुई टोचते, रक्त येतं. डॉक्टर काही म्हणोत, तेव्हा माझी खात्री नव्हती. तुला झालेला नव्हता. घरात तेवढं एकच माणूस सुटलेलं. तू मागितली असतीस तर माझ्याच्याने नाही म्हणवलं नसतं. म्हणून तू बघायच्या आत डबा वर टाकायचो."

लेकीने कापूस काढून पाहिला. रक्त कधीच थांबलं होतं. ती जेवणाचा डबा उचलून निघून गेली. खरं मानलं की नाही, कोणास ठाऊक.

सहा आठवडे काकांनी कामात डोकं घातलं. फोन केला नाही. जिन्यातला दिवा नीट चालू राहिला. एका स्वेटरचं भोक त्यांनी असं भरलं की दुसऱ्या दिवशी उसवून पुन्हा भरावं लागलं. उभे धागे एका जागी दुहेरी पडले होते. असं त्यांच्या हातून चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

मग दवाखान्यातून दोघांनाही बोलावणं आलं. या वेळी ती आधीच येऊन बसली होती. डॉक्टरीणबाईने दोन कागद शेजारीशेजारी ठेवले आणि सगळ्या बारीक छपाईतल्या एकाच ओळीखाली दोन्हीकडे पेनाने रेघ मारली.

"तुमच्या वडिलांकडे दोन साचे. तुम्हाला त्यांतला एकच मिळणार, कोणता ते चिठ्ठी टाकल्यासारखं. तुम्हाला हा मिळालाय. तोच."

लेकीने ओळ वाचली. अक्षरं आणि आकडे, त्यांतून काय कळणार? तरी बोट ठेवून वाचली. मग वडिलांच्या कागदावरची वाचली.

"म्हणजे मला झाला असता तर मीही राहिले असते? अशीच?"

"कदाचित. नक्की नाही."

"आणि कोणी विचारलं असतं, कशी राहिलीस," लेक म्हणाली, "तर मला काय सांगता आलं असतं?"

तिने दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले आणि काकांकडे न बघता म्हणाली, "त्या गोळ्या सुरू करा आता. माझ्यासाठी थांबला असाल तर थांबू नका."

"उद्यापासून घेतो."

"उद्या का? यांच्यासमोरच घ्या." तक्रार केंद्राचा आवाज क्षणभर कुठे गेला होता, तो परत आला. डॉक्टरीणबाईने पाण्याचा पेला पुढे केला, जणू तीन वर्षं भरूनच ठेवला होता. काकांनी पहिली गोळी घेतली. चव कसलीच नव्हती.

बाहेर बसथांब्यावर दोघं बाकावर बसली. या वेळी मध्ये जागा सोडली ती फक्त तिच्या पिशवीपुरती. ऊन होतं, गाड्या जात होत्या.

"मला राग धरायला कोणीतरी होतं," लेक समोर बघत म्हणाली. "आता कोणावर धरू? साच्यावर?"

"माझ्यावरच धर. मला सवय आहे."

ती हसली नाही. "मला आजारी आई तेवढी आठवते. खाट, वाटी, खोकला. मावशीही यंदा गेली. आता तिला चांगली असताना पाहिलेले तुम्हीच उरलात. काहीतरी सांगा ना. आजाराच्या आधीचं."

काकांनी घसा साफ केला. "तुझ्या आईने एकदा आख्ख्या बँडपथकाची काजं उलट्या बाजूला केली. चाळीस कोट. बायकांच्या कपड्यांना असतात त्या बाजूला. कार्यक्रमाच्या सकाळी चाळीस मिशीवाले बटणं लावायला बसले, तर एकाला लागेना. बँडमास्तर ओरडत आला. ही त्याच्यासमोर जमिनीवर बसून हसत सुटली, उठताच येईना. मग डोळे पुसून म्हणाली, साहेब, ही नवी तऱ्हा आहे, मोठमोठ्या पथकांत हेच चालतं. आणि त्याला पटलं! बाई, त्याला पटलं! पुढच्या वर्षी तो मुद्दाम सांगायला आला, काजं मागच्यासारखीच करा."

लेकीच्या तोंडून हसू फुटलं, आणि तिने ते हाताने दाबलं. "खरंच?"

"अगदी."

"अजून?"

काकांनी तोंड उघडलं. पण पुढे काही येईना. काहीतरी होतं, नक्की होतं, जिभेच्या टोकावर. लग्नानंतरची पहिली खोली... नाही, ती तर काकांच्या वारलेल्या बहिणीची गोष्ट. बायको पोहायला शिकली होती ते? की ते शेजारणीचं? काका तसेच बसून राहिले, आणि मनातून घाबरले.

बस आली. लेक उठली. "आठवलं की सांगा," ती म्हणाली. पुन्हा कधी, कुठे, ते बोलली नाही. बसच्या काचेतून तिने मागे पाहिलं की नाही, ते ऊन काचेवर असल्यामुळे दिसलं नाही.

काका चालत दुकानात आले. एक मळकट पँट गुडघ्यावर घेतली, आणि तशीच ठेवली. सत्तावीस वर्षं त्यांना वाटत आलं होतं की बायको आपल्यापाशी आहे, जशीच्या तशी. पण न्यायाधीशाची गोष्ट चाळीसदा सांगितली म्हणून ती शाबूत राहिली होती. हिच्याबद्दल त्यांनी कोणाला कधी काही सांगितलंच नव्हतं. कोणाला सांगणार? आणि न सांगितलेलं आत बसून बसून विरत गेलं होतं. ती भांग डावीकडे पाडायची की उजवीकडे? चहात साखर किती घ्यायची? कोणत्या शब्दाला अडखळायची? एका शब्दाला अडखळायची, एवढंच आठवत होतं.

शेजारच्या गाळ्यातला कव्हरवाला शटर ओढून गेला. उजेड उतरत आला तेव्हा काकांना एक सापडलं. काजं मोजताना ती आकडे मोठ्याने म्हणायची, आणि सतरानंतर दर वेळी एकोणीस म्हणायची. अठरा खायची. गिऱ्हाइकांना दर वेळी एक काज कमी.

की ती त्यांची आई होती?

काकांनी ते रिकाम्या दुकानात एकदा मोठ्याने सांगून पाहिलं, समोर कोणी बसलंय असं धरून. "तुझी आई सतरानंतर एकोणीस म्हणायची." कानाला खोटं वाटलं नाही. पुन्हा एकदा सांगितलं, जरा सावकाश. तिचंच असावं. मग ते स्टुलावर बसले, आणि दुसरी गोष्ट शोधू लागले.